पापभावना आणि दुखावलेला माणूस : प्युरिटन साहित्यातील व्यक्तिरेखांविषयी

१

पाप आणि अपराधभाव ह्या दोन संज्ञा साहित्यविचारात पुष्कळदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. वस्तुतः त्यांच्यातील अंतर मोठे आहे. पाप ही धर्मशास्त्रीय कोटी आहे. ते ईश्वरी नियमाचे उल्लंघन असते. ज्याच्या हातून ते घडले त्याला त्याची जाणीव असो वा नसो, ते पापच राहते. अपराधभाव ही जाणिवेची कोटी आहे. तो कोणाला तरी, कशाबद्दल तरी वाटावा लागतो. त्याला एक कर्ता लागतो, एक कृत्य लागते, आणि ज्याच्या बाबतीत ते कृत्य घडले असा एक दुसराही लागतो. ह्या तीन घटकांपैकी तिसऱ्याचे काय होते, हा प्रश्न सतराव्या शतकातील प्युरिटन साहित्याच्या संदर्भात विचारला की त्या साहित्यातील व्यक्तिरेखांच्या घडणीवर एक वेगळा प्रकाश पडतो.

प्युरिटन साहित्याने आधुनिक आत्मनिरीक्षणाचा पाया घातला, हे मत आता रूढ झाले आहे. मॅक्स वेबरने १९०४-०५ मध्ये प्रॉटेस्टंट नीतीविषयी जो सिद्धान्त मांडला, त्यात तारणाविषयी साशंक असलेल्या एकाकी जिवाचे चित्र मध्यवर्ती होते. पेरी मिलरने १९३९ पासून न्यू इंग्लंडच्या बौद्धिक इतिहासाची जी मांडणी केली, तिने ह्या एकाकीपणामागील तत्त्वव्यूह उलगडून दाखवला. सॅकव्हन बर्कोविचने १९७५ साली अमेरिकन 'स्व'च्या उगमाचा शोध त्याच परंपरेत घेतला. ह्या सर्व विवेचनांत अपराधभाव हा 'स्व'च्या खोलीचा पुरावा मानला जातो : जितकी टोचणी तीव्र, तितके व्यक्तिमत्त्व सखोल. ह्या समीकरणात एक नैतिक प्रश्न मात्र झाकला जातो. खोल असलेला अपराधभाव न्याय्यही असतो का? ज्याला आपण दुखावले त्याच्याकडे जो अपराधभाव पाहतच नाही, त्याला नैतिक भावना म्हणावे, की स्वतःच्या भवितव्याची चिंता म्हणावे? प्युरिटन काळातील आणि त्या काळाकडे मागे वळून पाहणाऱ्या काही संहितांची तुलना ह्याच कसोटीवर करता येते.

२

ही कसोटी लावण्यापूर्वी प्युरिटन पापविचाराची रचना लक्षात घेणे आवश्यक आहे. कॅल्व्हिनच्या परंपरेनुसार आदामाच्या पतनानंतर मनुष्यस्वभाव समूळ दूषित झाला. कोणाचे तारण व्हायचे हे ईश्वराने आधीच ठरवलेले आहे, आणि कोणत्याही सत्कृत्याने ते विकत घेता येत नाही. रोमन कॅथलिक व्यवस्थेत धर्मगुरूपुढे पापांची कबुली, त्याने सांगितलेले प्रायश्चित्त आणि पापमोचन असा एक क्रम होता. प्युरिटनांनी तो मोडीत काढला. कबुली ऐकणारा गुरू गेला, प्रायश्चित्ताचे माप गेले. उरला तो केवळ जीव आणि ईश्वर. मग आपण निवडलेल्यांपैकी आहोत की नाही, हे ओळखायचे कसे? ह्याचे उत्तर अंतःकरणातील चिन्हे वाचून, असे होते. विल्यम पर्किन्सने कृपेचे कार्य जीवात कसकसे उलगडते ह्याचे दहा टप्पे कल्पिले. पापाची जाणीव आणि तिच्यातून येणारी भीती हे त्यांतील आरंभीचे आणि अटळ टप्पे होत.

न्यू इंग्लंडमध्ये ह्या अंतर्मुख वाचनाला सामाजिक रूप मिळाले. १६३० नंतर मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेल्या मंडळ्यांनी सभासद होऊ इच्छिणाऱ्याकडून आपल्या परिवर्तनाचे निवेदन मागण्यास सुरुवात केली. केंब्रिज येथील टॉमस शेपर्ड ह्या पाळकाने आपल्या मंडळीतील लोकांची अशी निवेदने लिहून ठेवली. त्यांत नोकर आहेत, स्त्रिया आहेत, शेतकरी आहेत. ज्यांचे शब्द एरवी कोणी टिपले नसते अशा माणसांचा आवाज येथे ऐकू येतो, आणि ही गोष्ट लहान नाही. पण ह्या निवेदनांचा साचा ठरलेला आहे. विशिष्ट कृत्य येते ते पतित स्वभावाचे उदाहरण म्हणून. खोटे बोलणे, शब्बाथ मोडणे, आईवडिलांची अवज्ञा ही सारी एकाच मूळ दोषाची लक्षणे ठरतात. परिणामी एक विलक्षण अंतर्विरोध निर्माण होतो : पाप सर्वव्यापी झाले की अपराध विशिष्ट राहत नाही. जो स्वतःला सर्वांत मोठा पापी म्हणवतो, त्याला अमुक एका माणसाचे आपण अमुक वाईट केले, असे म्हणण्याची गरज उरत नाही.

मराठी वाचकाला येथे धर्मशास्त्रातील प्रायश्चित्तविचाराची आठवण होणे स्वाभाविक आहे. पां. वा. काणे ह्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात पातक आणि प्रायश्चित्त ह्यांचे सविस्तर विवेचन आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात ख्यापन आणि अनुताप ह्यांना, म्हणजे पाप उघड सांगण्याला आणि पस्तावण्याला, पापक्षयाच्या साधनांत स्थान आहे. त्या व्यवस्थेत पापाला माप होते, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा विचारही होता. मात्र तो माणूस म्हणून नव्हे, तर वर्ण म्हणून. वधाचे प्रायश्चित्त मारल्या गेलेल्याच्या वर्णानुसार बदलत असे. प्युरिटनांनी माप नाकारले आणि त्याबरोबर ही उतरंडही नाकारली; ईश्वरापुढे न्यायाधीश आणि नोकर सारखेच पतित. पण माप नाकारताना त्यांच्याकडून दुसरा माणूसच नजरेआड झाला. दोन्ही व्यवस्थांत दुखावलेल्याचा चेहरा दिसत नाही, फक्त त्याची कारणे परस्परविरुद्ध आहेत.

३

जॉन बन्यनचे आत्मकथन १६६६ साली, तो बेडफर्डच्या तुरुंगात असताना प्रसिद्ध झाले. भांड्यांची डागडुजी करत फिरणाऱ्या ह्या माणसाने आपल्या पूर्वायुष्यातील जी पापे नोंदवली आहेत ती पाहून आजचा वाचक चकित होतो : शिव्याशाप, नाच, रविवारी खेळलेला विटीदांडूसारखा खेळ, चर्चमध्ये घंटा वाजवण्याचा छंद. घंटा वाजवणे सोडल्यानंतरही तो ती पाहायला जातो, आणि ती आपल्या अंगावर पडेल, मग मनोराच कोसळेल, ह्या भयाने पळ काढतो. पुढे ख्रिस्ताला विकून टाकण्याचा मोह त्याच्या मनात पुनःपुन्हा उसळतो. अखेर एके दिवशी मनाने होकार दिला असे त्याला वाटते, आणि ज्येष्ठत्वाचा हक्क विकणाऱ्या एसावाशी स्वतःची तुलना करीत तो दीर्घकाळ निराशेत बुडून जातो. ह्या साऱ्या यातनेत कोणाही माणसाचे काहीही बिघडलेले नाही. अपराधभाव आहे, कर्ता आहे. कृत्य जवळजवळ नाही आणि दुसरा मुळीच नाही.

परंतु त्याच ग्रंथात एक जागा अशी आहे जेथे हा बंदिस्तपणा फुटतो. धर्मोपदेश सोडण्याचे वचन दिले असते तर बन्यनची सुटका होऊ शकली असती. त्याने ते दिले नाही. आपल्या ह्या निर्धाराची किंमत बायको आणि मुले मोजत आहेत, त्यांतही आंधळी मुलगी मोजत आहे, ह्याची जाणीव तो शरीरवेदनेच्या भाषेत सांगतो. आपणच आपल्या घरावर घर पाडत आहोत, असे त्याला वाटते. येथे प्रथमच अपराधभावाला चेहरा मिळतो. आणि येथेच त्याला ती भावना बाजूला ठेवावी लागते, कारण ईश्वराचे ऋण त्याहून मोठे आहे. प्युरिटन नीतीतील ताण जितका येथे उघडा पडतो तितका घंटेच्या प्रसंगात पडत नाही.

१६७८ साली आलेल्या बन्यनच्या यात्रारूपकाच्या आरंभी हाच ताण कथानकाचे रूप घेतो. पाठीवर ओझे घेतलेला यात्रिक नाशाच्या नगरातून पळ काढतो. बायकामुले मागून हाका मारतात, आणि तो कानांत बोटे घालून धावत सुटतो. रूपकाच्या पातळीवर ह्या कृतीचे समर्थन सहज करता येते : ऐहिक ओढी मागे टाकल्याशिवाय तारण नाही. पण रूपक कथा सांगते तेव्हा कथेचे नियमही त्याला लागू होतात. पाठीवरच्या ओझ्याखाली वाकलेला हा माणूस ज्यांना सोडून गेला त्यांचे ओझे त्याच्या पाठीवर दिसत नाही. वधस्तंभापाशी ओझे गळून पडते तेव्हा कोणाचीही क्षमा मागावी लागत नाही.

सहा वर्षांनी, १६८४ मध्ये, बन्यनने ह्याच ग्रंथाचा दुसरा भाग लिहिला, आणि तो ह्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. यात्रिकाची पत्नी ख्रिश्चियाना आता स्वतः निघते. तिच्या प्रस्थानाचे कारण कोणत्याही ग्रंथातील वचन नव्हे, तर नवऱ्याच्या विनवण्यांपुढे आपण मन कठोर केले, त्याच्याशी निर्दयपणे वागलो, ही आठवण आहे. तिचा अपराधभाव एका माणसाशी बांधलेला आहे, आणि म्हणूनच तिची यात्राही वेगळी होते. ती मुलांना बरोबर घेते; मर्सी नावाची शेजारीण तिच्यासोबत निघते; वाट दाखवायला एक रक्षक मिळतो; दुर्बल आणि लंगडे सहप्रवासी वाटेत सामील होतात आणि सर्वांना त्यांच्या गतीने चालावे लागते. समीक्षकांनी पुष्कळदा दुसऱ्या भागाला पहिल्याची फिकी पुनरावृत्ती मानले आहे. नाट्य कमी आहे हे खरे. परंतु एकट्याने पळणारी व्यक्तिरेखा आणि सोबत घेऊन चालणारी व्यक्तिरेखा ह्यांतील भेद दोन प्रकारच्या अपराधभावांतून उद्भवला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तो भाग पहिल्याची दुरुस्ती ठरतो.

ह्या ग्रंथाचा मराठीशी जुना संबंध आहे. हरि केशवजींनी केलेले त्याचे भाषांतर 'यात्रिक क्रमण' ह्या नावाने १८४१ साली प्रसिद्ध झाले. शिवाय १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडच्या कॉन्ग्रिगेशनल परंपरेतूनच आले होते. धर्मांतरासाठी घर सोडणाऱ्या माणसाचा आणि मागे राहिलेल्या कुटुंबाचा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात रूपक राहिला नाही. कानांत बोटे घालणाऱ्या यात्रिकाकडे येथील वाचकाने निव्वळ प्रतीक म्हणून पाहावे, अशी अपेक्षा करता येत नाही.

४

मिल्टनला प्युरिटन म्हणताना सावध राहावे लागते. क्रॉमवेलच्या राजवटीत त्याने पद भूषवले, धर्मोपदेशकांच्या सत्तेला विरोध केला. पण पूर्वनियोजनाचा कठोर सिद्धान्त त्याला मान्य नव्हता. त्याच्या महाकाव्यातील मनुष्य स्वेच्छेने पडतो, आणि त्यामुळे त्याचा अपराध त्याचा स्वतःचा राहतो. ह्याच कारणाने १६६७ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या महाकाव्यात अपराधभावाचे प्रकार बन्यनपेक्षा अधिक स्पष्टपणे वेगळे करता येतात.

पहिला प्रकार सैतानाचा. चौथ्या सर्गातील स्वगतात त्याला आपला दोष पूर्णपणे ठाऊक आहे. ईश्वराने आपल्यावर अन्याय केला नाही, हेही तो स्वतःशी मान्य करतो. पश्चात्तापाचा विचार त्याच्या मनात येतो आणि अडतो तो लज्जेपाशी : ज्यांना आपण बंडासाठी उद्युक्त केले त्यांच्यापुढे नमते कसे घ्यायचे? आपल्या नेतृत्वामुळे ज्यांचा नाश झाला तेच अनुयायी त्याला आठवतात, पण ते बळी म्हणून नव्हे, प्रेक्षक म्हणून. ज्ञान आहे, यातना आहे; पण दुसरा केवळ आपली प्रतिष्ठा पाहणारा डोळा आहे. अपराधाची जाणीव माणसाला आपोआप सुधारत नाही, हे मिल्टनला ह्या व्यक्तिरेखेतून दाखवता आले.

दुसरा प्रकार आदामाचा. नवव्या सर्गाच्या शेवटी तो आणि हव्वा एकमेकांवर दोषारोप करतात आणि दोघांपैकी कोणीही स्वतःला दोषी मानत नाही. दहाव्या सर्गात न्यायनिवाड्याच्या वेळी आदाम लांबलचक प्रास्ताविक करून हव्वेकडे बोट दाखवतो. हव्वेचा जबाब मात्र अगदी थोडक्यात संपतो. त्यानंतर आदामाचा दीर्घ विलाप येतो. आपल्याला का घडवले, मृत्यू म्हणजे काय, वंशजांना आपला शाप का लागावा, असे प्रश्न तो विचारतो. हा विलाप प्युरिटन आत्मनिरीक्षणाचा उत्कृष्ट नमुना आहे, आणि तो कोठेच पोचत नाही. प्रत्येक युक्तिवाद फिरून त्याच्यापाशीच येतो. ह्याच मनःस्थितीत हव्वा जवळ येते तेव्हा तो तिला झिडकारतो.

कोंडी फुटते ती हव्वेमुळे. ती त्याच्या पायांशी पडते, क्षमा मागते, आणि सारी शिक्षा आपल्या एकटीवर यावी अशी इच्छा व्यक्त करते. आपला अपराध ईश्वराविरुद्ध आणि आदामाविरुद्ध असा दुहेरी आहे, हे ती सांगते. प्युरिटन साहित्यात हा क्षण अपवादात्मक आहे, कारण येथे अपराधभावाला दोन दिशा आहेत. आदाम विरघळतो, दोषारोप थांबवू या म्हणतो, आणि मग दोघे मिळून न्यायनिवाड्याच्या जागी जाऊन प्रार्थना करतात. अकराव्या सर्गाच्या आरंभी निवेदक सांगतो की त्यांची अंतःकरणे आधीच पाझरवणारी कृपा वरून उतरली होती. तत्त्व असे असेल; कथेचा क्रम मात्र उलटा आहे. आधी माणसाने माणसाची क्षमा मागितली, आणि नंतर ईश्वराकडे जाण्याची वाट मोकळी झाली.

ह्या प्रसंगातील विषमता दृष्टीआड करून चालणार नाही. दुहेरी अपराध स्त्रीच्या वाट्याला येतो. आदामाने हव्वेला न्यायासनापुढे उघडे पाडले, तिला झिडकारले, ह्याचा हिशेब काव्यात स्वतंत्रपणे मांडला जात नाही. बन्यनच्या दुसऱ्या भागातही माणसाविषयीचा अपराधभाव स्त्रीलाच वाटतो. पुरुष ईश्वराचा ऋणी आणि स्त्री ईश्वराची व पुरुषाची ऋणी, ही त्या काळाची उतरंड दोन्ही संहितांत आहे. पण ह्या उतरंडीमुळेच एक अनपेक्षित गोष्ट घडली आहे : दुसऱ्याकडे वळलेल्या अपराधभावाचे ज्ञान ह्या साहित्यात स्त्री-व्यक्तिरेखांपाशी साठले आहे.

५

कल्पित साहित्यात जी उणीव तात्त्विक वाटते, तिची किंमत प्रत्यक्ष जीवनात काय पडते, हे न्यू इंग्लंडच्या आत्मपर लेखनात दिसते. मेरी रोलंडसनचे बंदिवासकथन १६८२ साली प्रसिद्ध झाले. १६७६ च्या फेब्रुवारीत मूलनिवासी योद्ध्यांनी लँकेस्टर गावावर हल्ला केला, तिला अकरा आठवडे कैदेत ठेवले, आणि त्या काळात तिची जखमी मुलगी तिच्या हातांत मरण पावली. ह्या आघाताचा अर्थ लावताना ती आपण निष्काळजीपणे घालवलेले शब्बाथ आठवते. दुःखाला अर्थ देण्याची ही धडपड करुण आहे. पण ह्या अर्थव्यूहात मूलनिवासी हे केवळ ईश्वराच्या हातातील दंड ठरतात. ज्यांची जमीन गेली आणि ज्यांच्याशी ते युद्ध पेटले, त्यांचा वसाहतीवर काही दावा असू शकेल, ही शक्यता पापाच्या ह्या हिशेबात शिरूच शकत नाही.

१६९२ च्या सेलेम खटल्यांत ही रचना न्यायालयात उतरली. एकोणीस जणांना फाशी देण्यात आली. जाइल्स कोरी ह्याला जबाब द्यायला लावण्यासाठी दगडांखाली चिरडून मारण्यात आले. आणखी काही जण कोठडीत मेले. ज्यांनी चेटूक केल्याची कबुली दिली आणि ती टिकवली, त्यांच्यापैकी कोणालाही फाशी झाली नाही. ज्यांनी आपण निर्दोष असल्याचे सांगितले ते मेले. कबुलीला इतके मोल देणाऱ्या समाजात खोटी कबुली जीव वाचवू लागली, आणि ती देताना बहुधा इतरांची नावे घ्यावी लागत.

ह्या घटनेनंतरची तीन माणसे तुलनेसाठी घेता येतात. सॅम्युअल स्यूअल हा त्या न्यायालयातील एक न्यायाधीश. १६९६ च्या मे महिन्यात त्याला मृत मुलगा झाला, डिसेंबरमध्ये दोन वर्षांची मुलगी गेली. १४ जानेवारी १६९७ ह्या उपवासाच्या दिवशी बोस्टनच्या मंडळीत त्याचे निवेदन पाळकाने वाचून दाखवले, आणि ते वाचून होईपर्यंत तो सर्वांसमक्ष उभा राहिला. खटल्यांचा दोष आणि लाज आपण स्वीकारतो, असे त्याने म्हटले. माणसांची क्षमा मागितली. आणि ईश्वराने आपल्या पापाची शिक्षा आपल्या कुटुंबाला वा देशाला देऊ नये, अशी प्रार्थना करण्याची विनंती केली. ह्या कृतीचे धैर्य नाकारता येत नाही. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटनने असे काहीही केले नाही. तरी निवेदनात फाशी गेलेल्या एकाचेही नाव नाही. त्याची सुरुवात आपल्या घरावर कोसळलेल्या आघातांपासून होते.

ॲन पटनम खटल्यांच्या वेळी बारा वर्षांची होती आणि आरोप करणाऱ्यांत आघाडीवर होती. १७०६ साली तिची कबुली सेलेम गावच्या मंडळीत वाचण्यात आली. तिने रिबेका नर्स आणि तिच्या दोन बहिणींचा उल्लेख केला, ज्यांना आपण दुःख दिले त्यांच्या नातलगांची क्षमा मागितली. दुसरा माणूस येथे नावानिशी येतो. परंतु कर्ता निसटतो : हे सारे सैतानाच्या भुलाव्यामुळे झाले, द्वेषाने नव्हे, असे ती सांगते. स्यूअलपाशी कर्ता आहे आणि बळी नाही. पटनमपाशी बळी आहेत आणि कर्ता अर्धाच.

तिसरी मार्गारेट जेकब्ज. ह्या तरुण मुलीने भीतीपोटी चेटकाची कबुली दिली होती आणि आपले आजोबा जॉर्ज जेकब्ज व पाळक जॉर्ज बरोज ह्यांच्याविरुद्ध सांगितले होते. पुढे तिने आपला जबाब खोटा असल्याचे जाहीर केले. कबुली मागे घेणे म्हणजे स्वतःचा जीव धोक्यात घालणे, हे तेव्हा उघड होते. समकालीन वृत्तान्तानुसार, फाशीच्या आदल्या दिवशी तिने बरोजपाशी आपल्या खोटेपणाची कबुली देऊन क्षमा मागितली. त्याने ती दिली आणि तिच्यासाठी प्रार्थना केली. १९ ऑगस्ट १६९२ रोजी तो आणि तिचे आजोबा दोघेही फाशी गेले. ती वाचली. कृत्य, कर्ता आणि दुखावलेला माणूस हे तिन्ही घटक ह्या कृतीत एकत्र आले, आणि तेही जो दुखावला तो जिवंत असताना.

६

नॅथॅनिएल हॉथॉर्न हा प्युरिटन काळातील लेखक नव्हे. त्याचा जन्म सेलेममध्ये १८०४ साली झाला. पण त्या खटल्यांतील दंडाधिकारी जॉन हॅथॉर्न हा त्याचा पूर्वज होता. १८५० साली प्रसिद्ध झालेली, लाल अक्षराची त्याची कादंबरी ह्या वारशावरचा निवाडा म्हणून वाचता येते. तिच्या प्रास्ताविकात तो पूर्वजांची लाज स्वतःवर घेतो. कादंबरीत त्यांच्या अपराधभावाची चिकित्सा करतो.

डिम्सडेल हा पाळक व्यासपीठावरून आपण अत्यंत नीच पापी असल्याचे पुनःपुन्हा सांगतो, आणि श्रोते त्याला अधिकच पवित्र मानतात. प्युरिटन निवेदनाच्या साच्यातील दोष ह्या प्रसंगात नेमका पकडला आहे. सर्वसाधारण पापाची कबुली हीच विशिष्ट अपराध लपवण्याची जागा ठरते, कारण तिच्यात खोटे असे काहीच नसते. रात्री तो स्वतःला चाबकाने फोडतो; पण हेस्टर सात वर्षे एकटी शिक्षा भोगते आहे आणि पर्लला बाप नाही, ह्यावर त्या फटक्यांचा काहीही परिणाम होत नाही. अखेरीस तो सर्वांसमक्ष कबुली देतो तेव्हाही, मृत्यूनंतर आपण भेटू का ह्या हेस्टरच्या प्रश्नाला तो आशा देत नाही; त्याची दृष्टी मोडलेल्या नियमाकडे आणि ईश्वराच्या दयेकडे आहे. ज्या क्षणी पर्ल त्याचे चुंबन घेते आणि रडते, त्या क्षणापुरताच तो बाप होतो.

हेस्टरची घडण उलट दिशेने होते. आपल्या प्रेमाला ती पूर्णपणे पाप मानते असे म्हणता येत नाही. तरीही गरिबांची, आजाऱ्यांची सेवा करता करता छातीवरच्या अक्षराचा अर्थ लोकांच्या लेखी बदलतो, आणि शेवटी कोणीही सक्ती करत नसताना ती परत येऊन ते अक्षर पुन्हा धारण करते. पापाचा सिद्धान्त जिच्यापाशी क्षीण आहे, तिच्यापाशी माणसाविषयीची जबाबदारी सर्वांत बळकट आहे. हॉथॉर्नचा हा निष्कर्ष एकोणिसाव्या शतकाचा आहे, सतराव्याचा नव्हे; पण त्याची बीजे ख्रिश्चियानेत आणि हव्वेत आधीच होती.

७

ह्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. माणसापुरता मर्यादित अपराधभाव समाजाच्या मान्यतेवर अवलंबून राहतो. ज्या समाजाने चेटकिणी म्हणून माणसे मारणे योग्य ठरवले, त्यात न्यायाधीशाला अपराधी वाटण्याचे कारणच काय होते? स्यूअलला उभे राहायला लावले ते कोणा नातलगाच्या मागणीने नव्हे. कोणत्याही हुद्द्याची पर्वा न करणाऱ्या ईश्वरापुढे आपण उघडे आहोत, ह्या जाणिवेने. समाज ज्याला अपराध म्हणत नाही त्यालाही पाप म्हणण्याची ताकद पापकल्पनेत असते. ती काढून घेतली तर स्टॉटन उरतो. पुढे १७०० साली स्यूअलने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध एक पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि तीत मायदेशापासून व आप्तांपासून तोडल्या गेलेल्या माणसांचा विचार केला. त्या पुस्तिकेत वंशविषयक पूर्वग्रह आहेतच. तरीही पापाच्या भीतीपासून सुरू झालेला प्रवास दुसऱ्या माणसापर्यंत पोचू शकतो, ह्याचा तो पुरावा आहे.

हा आक्षेप स्वीकारला तरी मूळ प्रश्न मिटत नाही. तो अधिक नेमका होतो. ईश्वरापुढील अपराधभाव माणसाला आपल्या समाजाच्या मतापासून मुक्त करू शकतो, पण ती मुक्ती कोठे नेते हे तो स्वतः ठरवत नाही. तिच्यातून बन्यनच्या घंटेचे भय निघते, तसाच स्यूअलचा जाहीर कबुलीजबाबही. फरक पडतो तो क्षमा कोणाकडे मागितली जाते ह्याने. ईश्वराची क्षमा ही माणसाच्या क्षमेची जागा घेऊ लागली की दुखावलेला माणूस दुसऱ्यांदा वगळला जातो : एकदा अन्यायाच्या वेळी आणि एकदा पश्चात्तापाच्या वेळी.

मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने १७११ साली अनेक दोषींची शिक्षा रद्द केली आणि त्यांच्या कुटुंबांना ५७८ पौंड १२ शिलिंग इतकी भरपाई मंजूर केली. सगळी नावे त्या यादीत नव्हती. दोषी ठरलेल्यांपैकी शेवटचे नाव, एलिझाबेथ जॉन्सन (धाकटी) हिचे, २०२२ साली निर्दोष म्हणून नोंदले गेले. उपवासाचे दिवस, प्रवचने, कबुल्या ह्या सर्वांना तीनशेहून अधिक वर्षांत जे साधले नाही ते एका नावाच्या नोंदीने साधले, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण ते नाव तोवर राहून गेले होते, ही गोष्ट त्या साऱ्या पापभावनेविषयी बरेच काही सांगते. प्युरिटन साहित्यातील व्यक्तिरेखांची खोली मोजताना त्यांना किती वेदना झाली हे विचारण्याबरोबरच, ती वेदना कोणाचे नाव घेते, हेही विचारावे लागते.